सोलापुरात राहून समुपदेशक व्हायचंय? पदवीनंतरची वाट, पायरी पायरीनं

गेल्या जूनमध्ये मोहोळहून एक मुलगी भेटायला आली. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. हातात प्लॅस्टिकची जाड फाईल होती. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, यातलं कुठलं चालतं ते बघा की." फाईलमध्ये अकरा प्रमाणपत्रं. बालसमुपदेशन, विवाह समुपदेशन, संमोहन, हस्ताक्षरावरून स्वभाव. सगळी ऑनलाइन, बहुतेक दोन-तीन दिवसांची, आणि प्रत्येकावर सोनेरी शिक्का. वडिलांनी ज्वारीच्या पैशातून फी भरली होती.

मी तिला एवढंच विचारलं, "यातल्या कुठल्या कोर्ससाठी तू एखाद्या माणसासमोर बसलीस? आणि तू कशी बोललीस ते ऐकून कुणी जाणत्यानं तुझं काय चुकलं ते सांगितलं?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एकाही नाही."

तिच्यासारखी मुलं-मुली दर वर्षी भेटतात. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, सांगोल्याहून येतात. शिकायची तळमळ असते, घरची ओढाताण असते आणि नीट वाट सांगणारं कुणी नसतं. म्हणून मला माहीत आहे तेवढं इथं क्रमानं लिहिते. मधेच कुठे जास्त रेंगाळले, तर ते अशा ठिकाणी जिथे मुलं हटकून चुकतात.

पहिली पायरी: पाटीवर काय लिहिणार ते आधी ठरवा

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात शिकलेले डॉक्टर. औषधं तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक आजारांचं मूल्यमापन करतात, चाचण्या घेतात, मानसोपचार करतात. त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं, मान्य केलेलं शिक्षण घ्यावं लागतं आणि परिषदेकडे नोंदणी करावी लागते. हे पद कुणी लावायचं, याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच दिलेली आहे. नुसतं एम.ए. मानसशास्त्र करून ही पाटी लावता येत नाही. लावली तर तो कायद्याचा भंग आहेच, शिवाय समोरच्या माणसाची फसवणूक आहे.

समुपदेशक या दोघांपेक्षा वेगळा. परीक्षेत अडकलेला मुलगा, नवऱ्याशी बोलणंच तुटलेली बाई, कारखाना बंद पडून घरी बसलेला माणूस. यांना दवाखान्याची गरज असतेच असं नाही. त्यांच्याबरोबर बसायचं, त्यांचं बोलणं नीट ऐकायचं, गुंता त्यांच्याच हातानं सुटेल अशी मदत करायची, आणि दुखणं आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं तर वेळेवर योग्य माणसाकडे पाठवायचं. हे समुपदेशकाचं काम.

आजवर आपल्याकडे ही पाटी कुणीही लावत आलं. २०२१ साली केंद्रानं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोविकारविषयक समाजकार्यकर्ते असे गट आहेत, आणि राज्य परिषदांकडे नोंदणीची तरतूद आहे. म्हणजे इथून पुढे पदवी कशी मिळवली, कुठून मिळवली, प्रात्यक्षिक किती झालं, याला महत्त्व येणार. आज प्रवेश घेताय ते हे डोक्यात ठेवूनच घ्या.

दुसरी पायरी: वाट निवडा

सरळ वाट एम.ए. मानसशास्त्राची. दोन वर्षं, चार सत्रं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं आणि आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. शहरात संगमेश्वर आणि वालचंदसारख्या जुन्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवलं जातं. यंदा एम.ए. कुठे चालू आहे, जागा किती, समुपदेशन हा विशेष विषय आहे की नाही, हे त्या वर्षाच्या माहितीपत्रकात बघा आणि विभागात जाऊन विचारा. फोनवर नको, जा. विभागात गेलात की आणखी तीन गोष्टी विचारायच्या: मागच्या वर्षीच्या मुलांनी प्रत्यक्ष काम कुठे केलं, त्यांच्यावर देखरेख कुणी केली, आणि चाचण्यांची प्रयोगशाळा उघडी असते की कुलपात. उत्तरं देणाऱ्याचा चेहरा बघूनही बरंच कळतं.

दुसरी वाट समाजकार्याची, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.ची. वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात हे शिक्षण आहे. एम.एस.डब्ल्यू.ला क्षेत्रकार्य पहिल्यापासून असतं. आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, दवाखान्यात, संस्थेत जावंच लागतं. त्यामुळे सरकारी प्रकल्पांतल्या समुपदेशक पदांना ही मुलं लवकर तयार होतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. मानसशास्त्राची मुलं सिद्धांतात पक्की असतात, पण पत्र्याच्या खोलीत चटईवर बसून बोलायला बिचकतात. तुम्हाला माणसांत मिसळायला आवडत असेल आणि पुस्तकी मानसशास्त्राची फार ओढ नसेल, तर ही वाट कमी दर्जाची समजू नका.

तिसरी वाट शिक्षकांसाठी. तुम्ही शाळेत नोकरी करत असाल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम बघा. काही महिने घरून अभ्यास, काही महिने समोरासमोर वर्ग आणि मग आपल्याच गावात प्रत्यक्ष काम, अशी त्याची बांधणी आहे. महाराष्ट्र भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात येतो.

क्लिनिकलकडे जायचं असेल तर सोलापूर सोडायची तयारी ठेवा. आतापर्यंत एम.ए.नंतर दोन वर्षांची एम.फिल. असा रस्ता होता. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकारविषयक समाजकार्य या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंतच मुदत वाढवून दिली. तेव्हा कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी तो अभ्यासक्रम आणि ती संस्था आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या मान्य यादीत आहे का, ते स्वतः बघा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

दूरशिक्षणाचं इथंच सांगते, कारण यात सगळ्यात जास्त मुलं फसतात. नोकरी करत घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करायचा रस्ता अनेक वर्षं होता, आणि त्यातून चांगली माणसंही घडली. पण यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं देऊ नयेत, असं विद्यापीठांना कळवलं आहे. कारण वर सांगितलेला २०२१ चा कायदा. आधी प्रवेश घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा. मात्र आज कुणी "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, हमखास पास" अशी जाहिरात पाठवली, तर ती पुसून टाका.

तिसरी पायरी: कागद उन्हाळ्यातच गोळा करा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडतं आणि सेतू केंद्राबाहेरची रांग काही हटत नाही. तरीही नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, जातवैधता यांचं काम तेव्हाच उरका. निकाल लागल्यावर सगळा जिल्हा एकदम उभा राहतो. पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, आणि शैक्षणिक क्रेडिट बँकेचा क्रमांक. पदवीला मानसशास्त्र नसेल तर प्रवेश मिळतो की नाही, हे लेखी नियमात बघा. "होतंय की सगळं" असं कुणी तोंडी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

चौथी पायरी: वर्गातली दोन वर्षं

विकासाचं मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्व, मानसिक विकार, चाचण्या, संशोधनपद्धती, संख्याशास्त्र हे विषय येतातच. संख्याशास्त्राला घाबरणाऱ्या कला शाखेच्या मुलांना सांगते, पहिल्या महिन्यातच एखाद्या मित्राला धरून ते शिका. नंतर संशोधन प्रकल्प त्यावरच उभा राहतो.

उपचारपद्धतींमध्ये कार्ल रॉजर्स भेटतील. समोरच्याला कुठल्याही अटीविना स्वीकारणं, समानुभूती आणि स्वतःचा खरेपणा, या गोष्टींवर त्यांनी सगळी मांडणी उभी केली. अल्बर्ट एलिस भेटतील, ज्यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीला सुरुवात केली. महाराष्ट्रात ती आपल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. ॲरन बेक भेटतील, विचार-भावना-वर्तनाचे तक्ते घेऊन. हे वाचायला दोन वर्षं पुरतात. अवघड असतं ते तोंड बंद ठेवणं.

वर्गातला एक सराव सांगते. दोन मुली समोरासमोर बसवायच्या. एकीनं नापास झालेल्या मुलीचं सोंग घ्यायचं, दुसरीनं समुपदेशकाचं. मी घड्याळ लावते. पहिली म्हणते, "आईला तोंड कसं दाखवू कळंना झालंय." दुसरी लगेच, "अगं, टेन्शन नको घेऊ, सगळं नीट होईल. परत परीक्षा दे." मी घड्याळ थांबवते. अकरा सेकंद. अकरा सेकंदांत सल्ला देऊन झाला, आणि त्या मुलीला आईच्या तोंडाकडे बघताना नेमकं काय होतं, ते कुणालाच कळलं नाही.

परत सुरू. आता नियम असा की पहिली तीन वाक्यं फक्त समोरचीचं बोलणं तिला परत ऐकवायचं. "आईसमोर जायचं म्हटलं की अवघड होतंय." एवढंच. मग गप्प. समोरची मुलगी, सोंग घेतलेली असूनही, मान खाली घालून म्हणते, "तिनं माझ्यासाठी दागिना मोडलाय." हे वाक्य कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. हा सराव दर आठवड्याला करा. वर्गात होत नसेल तर तीन मैत्रिणी मिळून हॉस्टेलच्या गच्चीवर करा. तिसरीनं फक्त टिपून घ्यायचं.

पाचवी पायरी: तास

माझ्या मते सगळं इथंच ठरतं. आपल्याकडच्या नव्या पदव्युत्तर आराखड्यात प्रत्यक्ष कार्यानुभवाला चार क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला तीस तास धरले तर साधारण १२० तास. संशोधन प्रकल्प वेगळा. आता अमेरिकेतला मापदंड बघा. तिथं समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी काक्रेप नावाची संस्था आहे. तिच्या निकषांनुसार ६० क्रेडिटचं शिक्षण, १०० तासांचं पहिलं प्रात्यक्षिक आणि त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप लागते. त्या ६०० पैकी किमान २४० तास प्रत्यक्ष माणसांबरोबर, आणि सगळं देखरेखीखाली.

आपली परिस्थिती वेगळी आहे, आपले प्रश्न वेगळे आहेत, हे मान्य. पण माणसासमोर बसायला शिकायला लागणारा वेळ सोलापुरात काही कमी होत नाही. विद्यापीठ जेवढं मागतं तेवढ्यावर थांबलात, तर पदवी मिळेल आणि हात मात्र कच्चे राहतील. उरलेले तास तुम्हालाच जमवावे लागतात.

ते असे जमवा. पहिल्या वर्षी निदान वीस-पंचवीस तास नुसतं बघा. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आपल्या तोंडी सिव्हिलमध्ये, मनोविकार बाह्यरुग्ण विभाग आहे. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन रीतसर परवानगी मागा. मिळाली तर कोपऱ्यात बसा, वही बंद ठेवा, बघा. भ्रम कसा असतो, उन्मादातला माणूस कसा बोलतो, खोल नैराश्यातली बाई उत्तर द्यायला किती वेळ घेते, हे पुस्तकातून कळत नाही. आणि हे बघितलेलं नसेल, तर उद्या तुमच्यासमोर असा माणूस आला तेव्हा तुम्ही त्याला "सकारात्मक विचार करा" म्हणून घरी पाठवाल. थकवा, रडू, छातीत धडधड यांच्या मागे थायरॉइड किंवा रक्त कमी असणं असू शकतं, हेही तिथंच डोक्यात बसतं.

दुसऱ्या वर्षी स्वतः बसा. महाविद्यालयाचं समुपदेशन केंद्र, शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम, महिलांसाठी काम करणारी संस्था. एकच जागा धरा, वर्षभर. चार ठिकाणी चार-चार दिवस जाण्यात फोटो मिळतात, बाकी काही नाही. प्रत्यक्ष माणसासमोर किमान शंभर तास भरावेत, असा माझा आग्रह असतो.

प्रत्येक तासानंतर शब्दशः नोंद करा. वहीला तीन रकाने पाडा: समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं. तिसरा रकाना मुलं रिकामा सोडतात. तोच महत्त्वाचा.

माझ्याच जुन्या वहीतलं एक पान सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. अकरावीतली मुलगी म्हणाली, "घरी गेलं की पोटात गोळा येतो." मी म्हणाले, "का? घरी काही प्रॉब्लेम आहे का?" तिसऱ्या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: पुढचा प्रश्न काय विचारू ते सुचेना. माझ्या मार्गदर्शक बाईंनी माझ्या "का"भोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, "गोळा नेमका कुठे येतो? रिक्षात? जिन्यात? दारात?" पुढच्या आठवड्यात मी तेवढंच विचारलं. मुलगी लगेच म्हणाली, "जिन्यात. वर त्याच्या चपला दिसल्या की." त्या एका वाक्यानंतर आम्ही खरं बोलायला लागलो. "का" विचारल्यावर माणूस कारणं शोधत बसतो. "कधी, कुठे" विचारल्यावर त्याला आठवतं. हे मला कुठल्या परीक्षेनं नाही शिकवलं, त्या लाल गोलानं शिकवलं.

असा लाल गोल काढणारं माणूस शोधणं, हे तुमचं सगळ्यात मोठं काम. इंग्रजीत सुपरव्हिजन म्हणतात, आपण देखरेख म्हणू. आपल्या शिक्षकांना विचारा. इथं नाही मिळालं तर पुण्यात शोधा. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्री परत येता येतं. पुण्यात १९६२ साली सुरू झालेली ज्ञानप्रबोधिनी आहे, जिचा पायाच मानसशास्त्राचा. ठाण्यात १९९० पासून आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, काम करते. अशा संस्थांच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवा. दोन दिवसांच्या दहा ऑनलाइन कोर्सांना घालवता ते पैसे एका चांगल्या देखरेखीला लावा.

सहावी पायरी: सोलापूरची भाषा, खरं तर अनेक भाषा

पुस्तकात "आपणांस उदासीनता जाणवते का?" असे प्रश्न असतात. शहराच्या पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारा, ती "नाही" म्हणेल. ती खोटं बोलत नसते. तो शब्द तिचा नसतो. ती म्हणेल, डोकं भणभणतंय. कशात जीव लागंना. हातापायात जीव नाही. अंगावर आल्यासारखं होतं. किंवा सरळ, बाहेरचं काहीतरी झालंय. या प्रत्येक बोलण्यापाशी थांबून "म्हणजे कसं होतं, सांगा" असं विचारावं लागतं. आणि "टेन्शन" हा शब्द तर इथं कर्जापासून नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळ्यावर पांघरूण घालतो. तो ऐकला की थांबायचं.

शिवाय या गावात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू घराघरांत बोलतात. यंत्रमागावर काम करणारा, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर समाजातला माणूस तुमच्याशी मराठीत व्यवस्थित बोलेल, हिशेब सांगेल, पण रडू आलं की तेलुगूत जाईल. एकदा एक आजी अर्धा तास मराठीत सुनेची तक्रार सांगत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मनसु बागालेदु." मन बरं नाही. तक्रार तिथं संपली आणि दुःख सुरू झालं. मला तेवढं तेलुगू कळलं म्हणून मी गप्प बसू शकले. तुम्ही दोन वर्षांत यातली एक भाषा ऐकून समजण्याइतपत शिका. घरात बोलली जात असेल तर लाजू नका, ती तुमची ताकद आहे. मुलाखतीत ठासून सांगा. आणि दुभाषा लागलाच तर घरचं माणूस घेऊ नका, लहान मूल तर कधीच नाही. सुनेचं दुखणं सासूनं भाषांतर करून सांगितलं, तर काय ऐकू येणार?

सातवी पायरी: गुप्तता, आणि ती कुठे संपते

सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेत काम करत असताना तिथल्या वरिष्ठांनी सहज विचारलं, "ती मुलगी काय म्हणत होती हो?" काळजीनंच विचारलं. मीही काळजीनंच दोन वाक्यं सांगितली. दुसऱ्या दिवशी ती दोन वाक्यं फिरून मुलीच्या कानावर गेली. ती परत आली नाही. जिन्यात दिसली तर मान वळवायची. ती माझी चूक होती, आणि अजून टोचते. काम सुरू करण्याआधीच संस्थेशी लेखी ठरवा: किती जण आले एवढा आकडा मिळेल; कोण आलं, काय बोललं, ते मिळणार नाही.

पण गुप्ततेला हद्द असते आणि ती पहिल्याच भेटीत, साध्या शब्दांत सांगायची. मी असं सांगते: "तू इथं बोलशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला ते योग्य ठिकाणी सांगावं लागेल. सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन." २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. "घरातलंच प्रकरण आहे, मिटवून घेऊ" म्हणणारे नातेवाईक तुम्हाला भेटतीलच. तिथं डगमगायचं नाही.

आत्महत्येबद्दल मुलं विचारायला घाबरतात. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येईल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. "जगणं नको झालंय असं मनात येतं का? मरायचा विचार येतो का?" असं सरळ, हळू आवाजात विचारा. हो म्हणाले तर कसं, कधी, साधन जवळ आहे का, हे विचारा. माणसाला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासू माणसाला बोलवा, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो, आणि मुलांसाठीचा १०९८, मोबाईलमध्ये आणि भिंतीवर दोन्हीकडे ठेवा. २०१७ च्या कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं ठरवलं आहे. घरच्यांना हे सांगितलं की पोलिसांच्या भीतीनं लपवाछपवी करणारे हात जरा सैल होतात.

हे सगळं ऐकता ऐकता तुमचंही काहीतरी उकरलं जाईल. ज्या मुलीच्या वडिलांनी दारूपायी घर विकलं, तिच्यासमोर पहिला क्लायंट दारुडाच येतो. असं बऱ्याचदा होतं. शिकत असतानाच स्वतः एखाद्या समुपदेशकाकडे काही महिने जा. त्या खुर्चीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं किती अवघड असतात, तेही कळेल.

काम कुठे मिळतं

सरकारी रुग्णालयांतली एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रं, किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, यांत पदं निघतात. बहुतेक कंत्राटी असतात. जाहिरात जिल्हा परिषदेच्या आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळावर येते, मुदत थोडी असते. दर सोमवारी बघायची सवय लावा. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले, आणि त्यात खासगी शिकवण्याही आल्या. आपल्या शहरातले क्लासवाले आता विचारायला लागले आहेत. त्यांच्याकडे जाताना हे ठरवून जा की खोली वेगळी हवी. हजेरीच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून समुपदेशन होत नाही.

स्वतःचं केंद्र निघाल्या निघाल्या काढू नका. दोन-तीन वर्षं एखाद्या संस्थेत, वरती कुणीतरी असताना, काम करा. नंतर काढलंत तर फी आधी सांगा, पावती द्या, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातले दोन तास वेगळे ठेवा. ओळखीपाळखीनं "फोनवरच सांगा की ताई" म्हणणारे खूप भेटतील. त्यांना वेळ द्या, पण ठरवून, खोलीत.

मोहोळच्या त्या मुलीनं त्या वर्षी एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला. फाईल घरी ठेवली आहे, वही बरोबर असते. तिसरा रकाना अजून अर्धाच भरते.

मी स्वतः महिन्यातून एकदा हुतात्मानं पुण्याला जाते, माझ्या देखरेखीसाठी. कुर्डुवाडी येईपर्यंत वही काढत नाही, त्यानंतर महिनाभराच्या नोंदी वाचते आणि जिथं अडले तिथं खूण करते. या खेपेला चार खुणा आहेत.